अर्ध्या जोड्यातला पाय

मी एक पाय बोलतोय. डावा. आणि लाकडाचा.

हसू नका. पायांना वाचा नसते असं तुम्हाला वाटत असेल, तर चावरा जोडा घालून तुम्ही कधी दिवसभर उभे राहिला नसाल. पाय बोलतात. फक्त ऐकणाऱ्याला खाली वाकावं लागतं, आणि वाकायला कुणाला सवड नसते.

जोडे शिवणारे मला कलबूत म्हणतात. माणसाच्या मापाचा लाकडी पाय कोरायचा, त्यावर चामडं ताणून बारीक खिळ्यांनी धरून ठेवायचं, तळ शिवायचा, आणि जोडा तयार झाला की लाकडी पाय ओढून बाहेर काढायचा. मग रिकाम्या जागेत खरा पाय जातो. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा मी. ज्याची जागा त्यानं येऊन बसावं, एवढंच माझं म्हणणं.

पण माझ्यावरचा जोडा कित्येक वर्षं अर्धाच राहिलाय. चामडं चढलंय, तळ शिवायचा बाकी आहे. लोक तिकीट काढून या घरात येतात, माझ्याकडे बघून "किती छान" म्हणतात आणि पुढच्या खोलीत जातात. कुणासाठी आहे हा जोडा, हे कुणी विचारत नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

हे घर उस्तादांचं. गिऱ्हाइकं त्यांना उस्ताद म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. रस्त्याकडची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. मोठी खिडकी, खिडकीखाली कामाचा बाक, त्याच्यापुढे बुटकं स्टूल आणि दारालगत गिऱ्हाइकांना बसायला फळी. भिंतीवर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर गावातला कुणीतरी टांगलेला. डॉक्टरांचे पाय लांबट आणि सुकलेले. बँडमास्तरांचा उजवा पाय ताल धरून धरून पुढून फताडा झालेला. शाळेच्या मोठ्या बाईंचे पाय इतके इवलेसे, की पोरांनी ते पाहिले असते तर त्यांचा सगळा धाकच संपला असता.

लहान मुलांचं कलबूत मात्र उस्ताद करत नसत. वाढत्या पायाचा साचा करून होईपर्यंत तो अपुरा पडतो. त्यांच्या स्वतःच्या लेकीचंसुद्धा त्यांनी केलं नव्हतं.

लेक एकुलती एक. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. बसायची ती फक्त बाकापाशी, चामड्याच्या चिंध्या मांडीवर घेऊन. नुकती चालायला लागली होती तेव्हा तिनं बाकावरची लोखंडी ऐरण ओढून पायावर घेतली. डाव्या पायाची करंगळी मोडली, आणि बरी होताना शेजारच्या बोटावर चढून बसली ती कायमची. उस्ताद तिला चिडवायचे, "तुझ्या करंगळीला जागाच मिळत नाही बघ, म्हणून शेजारणीच्या मांडीवर बसते." भिंगरी त्यांच्या पाठीत गुद्दे घालायची.

पुढे एकदा दोन हिवाळे तिचं माप बदललं नाही. उस्तादांनी चुलीमागे वाळत ठेवलेला एक चांगला ओंडका काढला आणि बायकोला म्हणाले, "पोरीचा पाय थांबला."

"पाय थांबला असेल," भिंगरीची आई म्हणाली, "पोरगी कुठे थांबतेय?"

त्या ओंडक्यातून मी आणि माझा उजवा जोडीदार निघालो. उजवा झटक्यात झाला. माझ्यावर मात्र उस्ताद रेंगाळले. डोळे मिटून भिंगरीच्या करंगळीवर अंगठा फिरवायचे, मग माझ्यावर, मग परत तिच्या. तिला गुदगुल्या व्हायच्या, ती पाय ओढायची, ते पकडून ठेवायचे. शेवटी माझ्या बाहेरच्या कडेला बरोबर तेवढाच उंचवटा आला. गावातल्या कुठल्याच पायाला तसा उंचवटा नव्हता, त्यामुळे मी कुणाचा हे विचारायची कुणाला गरज नव्हती. माझ्यावर पहिला जोडा झाला तो मातकट रंगाचा, बंदाचा. मला बाहेर ओढलं आणि तिनं पाय आत घातला, तेव्हा ती म्हणाली, "घातलाय असं वाटतच नाही." आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

माझे सुखाचे दिवस तेवढेच.

भिंगरीला जोडे घालायचे नव्हते, शिवायचे होते. उस्ताद काही केल्या तिला चामड्याला भोक पाडायची आरी हातात घेऊ देईनात.

"हात बघ माझे," ते म्हणायचे. "असे हवेत तुला?"

"तुमचे चालतात, माझे का नाही चालणार?"

"माझे झालेत आता. तुझे व्हायला नकोत."

मी खुंटीवरून ऐकायचो. दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. ती मग मुकाट्यानं बघत बसायची. शिकवणार नाही म्हणणाऱ्याला बघू नकोस असं म्हणता येत नाही.

अशात दुसऱ्या गावी जोड्यांचा कारखाना निघाला. यंत्रावर शिवायला मुली हव्या होत्या. भिंगरीनं परस्पर नाव घातलं आणि जायच्या दिवशी सांगितलं. उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखान्यानं त्यांची गिऱ्हाइकं पळवायला सुरुवात केली होती, आणि आता लेकही पळवली.

"कारखान्याचा जोडा पायात घालून या घरात पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले.

"मग तुमचाही नको," ती म्हणाली. तिनं उंबऱ्यात जोडे काढले आणि भर उन्हात अनवाणी चालू लागली. तिची आई जोडे घेऊन कोपऱ्यापर्यंत धावली आणि तशीच ते हातात घेऊन परत आली. उस्ताद खाली मान घालून दोऱ्याला मेण लावत राहिले. त्या दोऱ्याला इतकं मेण झालं की तो कुठल्याच सुईत गेला नाही.

मला वाटलं होतं, आठ दिवसांत येईल. आठ दिवसांत आली नाही ती पुढेही आली नाही. बाप तसा हट्टी, आणि लेक बापाच्या वर. तिची आई मात्र वर्षातून कधीतरी तिला भेटून यायची. परत आली की उस्ताद तिच्याभोवती घुटमळायचे. कशी आहे, हे विचारायचे नाहीत. त्याला कमीपणा येतो.

"चालताना पाय ओढते का?" असं विचारायचे. "चवड्यात भरलीय का? टाच?"

"पाय बघायला गेले नव्हते मी, लेक बघायला गेले होते."

"तरी पण?"

"एवढं आहे तर स्वतः जा की. पाय आहेत ना तुम्हाला?"

ते जायचे नाहीत. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला खुंटीवरून काढायचे, चामड्याचा एक पातळसा तुकडा खळीनं माझ्यावर चिकटवायचे आणि कानशीनं घासून बसता करायचे. माणसाचा पाय वयाबरोबर पसरतो, तसा मीही पसरू लागलो. समोर पाय नसताना, नुसत्या अंदाजानं. त्यांच्या मते लेक आईवर जाते, हे पूर्वेला सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. त्यामुळे बायकोच्या पायाचं जे जे त्यांनी पाहिलं होतं, ते ते योग्य वयाला माझ्या वाट्याला येत गेलं. भिंगरीच्या आईच्या अंगठ्याच्या बुडाशी एका वयात हाड वाढलं होतं आणि जोडा तिथं टोचायचा. भिंगरी त्या वयाची झाली असेल असं वाटलं त्या दिवशी उस्तादांनी माझ्याही अंगठ्याच्या बुडाशी जाड तुकडा लावला. "इथं दुखत असेल पोरीला आता," ते पुटपुटले. दुखणाऱ्या जागी आधीच मोकळीक सोडायची, ही त्यांची रीत.

मी लाकूड. मला दुखत नाही. पण त्या दुपारी पहिल्यांदा मला ती फार आठवली. मी तिचा पाय म्हणून जन्मलो होतो, आणि आता तिचा पाय कसा दिसतो हेच मला ठाऊक नव्हतं. वाटायचं, एकदा येऊन माझ्याशेजारी उभी राहू दे. आपण जुळतो का नाही, तेवढं कळू दे.

भिंगरीची आई गेली. स्मशानात बाप आणि लेक दोन टोकांना उभे होते, असं शेजारीण सांगत होती. बोलले नाहीत. घरापर्यंत ती आली नाही.

"पाय बघितलेत का तिचे?" शेजारणीनं उस्तादांना विचारलं. त्यांची खोड सगळ्या गल्लीला माहीत होती.

"डोळ्यांत पाणी असलं की माप येत नाही," ते म्हणाले.

त्यानंतर दुकानात भिंगरीच्या वयाची एखादी बाई आली की ते तिच्या पायांकडे जरा जास्तच बघत बसायचे. बाई संकोचायची. गिऱ्हाइकं तशी राहिली होती किती! डॉक्टर आणि बँडमास्तर खुंटीवर होते, पण खुंटीवरचेच. गावाच्या पायांत कारखान्याचा माल आला होता.

एके दिवशी अशीच एक बाई कारखान्याचा जोडा दुरुस्तीला घेऊन आली. टाच सुटली होती. उस्ताद नाक मुरडत त्यात हात घालून चाचपू लागले आणि मध्येच थांबले. अस्तर उलटं करून त्यांनी तो उजेडात धरला. टाचेपाशी शिवण संपते तिथं सगळे दोरा कापून टाकतात. उस्ताद कापत नसत. शेवट उलटा वळवून अस्तराखाली दडवत, म्हणजे घोट्याला टोचत नाही. या जोड्यात शेवट वळवून दडवला होता.

बाई निघून गेल्यावर ते मला म्हणाले, म्हणजे दुसरं कुणी नव्हतंच तिथं, "हे मी कुणाला शिकवलं नव्हतं रे."

त्यांनी तो जोडा दुरुस्त केला, पण तो शेवटचा टाका तसाच ठेवला. मग मला खुंटीवरून काढलं, धूळ पुसली, आणखी एक पातळ तुकडा लावला. पेटीच्या तळाशी जपून ठेवलेलं गडद तांबूस चामडं बाहेर आलं. एवढं मऊ चामडं आजवर माझ्या अंगाला लागलं नव्हतं. हातांना कंप होता, दोन-दोनदा कापावं लागत होतं, तरी ते गुणगुणत होते. "डावा आधी करू," ते म्हणाले. "अवघड तो आधी. दोन्ही झाले की मीच घेऊन जातो. हे पायात असले म्हणजे तिला यायला काय हरकत आहे?"

स्वतःच घातलेल्या अटीतून त्यांनी अशी वाट काढली होती. चुकलं, असं म्हणणं त्यांना जमलं नसतं, जोडा शिवणं जमत होतं.

चामडं माझ्यावर चढलं. खिळे बसले. तळ कापायला रापी हातात घेतली आणि जरा डोळा लागतोय म्हणून त्यांनी भिंतीला मान टेकवली. मी त्यांच्या मांडीवर होतो. संध्याकाळी शेजारीण चहा घेऊन आली, तेव्हा कळलं की ते उठणार नाहीत. लेकीला निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. घर भाड्याचं. घरमालकानं कुलूप घातलं, आणि मी बाकावर राहिलो, एका बाजूला कलंडलेला.

किती वर्षं गेली कोण जाणे. मग जुन्या वस्तूंचा नाद असलेली काही मंडळी आली, त्यांनी घर विकत घेतलं आणि त्याचं संग्रहालय केलं. पण काचेच्या कपाटांचं आणि पाट्यांचं नाही. इथं सगळं असं मांडतात की घरातली माणसं या क्षणाला उठून आत गेलीत. पाहुण्यांनी बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं घरातून चालायचं. जमीन झिजू नये म्हणून उंबऱ्याबाहेर जोडे काढायला लावतात. जोडेवाल्याच्या घरात सगळी गिऱ्हाइकं मोज्यांवर! उस्तादांनी कपाळाला हात लावला असता. मला मात्र पर्वणी. कडक कपड्यांतले साहेब येतात आणि मोज्यातून त्यांचा अंगठा बाहेर डोकावत असतो. तो लपवायला ते दुसरा पाय त्याच्यावर ठेवतात आणि अर्धा वेळ बगळ्यासारखे उभे राहतात.

मांडायचं काम एका बाईकडे आहे. मी तिला मांडणीबाई म्हणतो. रोज सकाळी ती खाटेवरची चादर विस्कटते, कपात वाफाळता चहा ओतते, पावाचा एक घास स्वतः तोडून उरलेला बशीत ठेवते. दिवसभर तोंड बंद ठेवायचं असल्यामुळे दार उघडायच्या आधी ती आमच्याशी पोटभर बोलून घेते. "तुमचं बरं आहे," मला म्हणते, "घरी गेल्यावर स्वयंपाक नाही." भिंतीआड एक यंत्र आहे, त्यातून हातोडीचा आवाज येतो. कुण्या सुताराचा असावा. जोड्यावर कुणी असं ठोकलं तर चामडं फाटेल.

मलाही तिनंच जागा दिली. अंगठ्याकडची बाजू पाहुण्यांकडे, कारण तिथला फुगवटा छान दिसतो. करंगळीची बाजू भिंतीकडे. रोज कुंचल्यानं झटकते आणि परत तसाच ठेवते. मला एवढंच वाटायचं, बाई, एकदा चुकून तरी उलटा ठेव मला. माझी ओळख त्या बाजूला आहे.

आणि एका दुपारी भिंगरी आली.

तिकीट काढून माहेरी येणारी लेक मी तरी दुसरी पाहिलेली नाही. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली, बोटांना यंत्रावरच्या कामाचे घट्टे. बाहेर तिनंही सगळ्यांसारखे जोडे काढले. कारखान्याचेच असणार. म्हणजे बापाची अट आपोआप पाळली गेली. ती गटाच्या मागे मागे आली, खुंट्यांकडे बघितलं, बँडमास्तरांचा पाय ओळखून गालात हसली. मला तिची ओळख पटली ती तिच्या चालण्यावरून. डावा पाय ती अजून बाहेरच्या कडेवर टेकते.

ती माझ्यापुढे थांबली. गट जिना चढून वर गेला तरी हलेना. मला वाटलं, झालं. वाट बघणं संपलं.

"आजी, चला पुढे," मांडणीबाई कुजबुजली.

"हा माझ्या आईचा पाय आहे," भिंगरी म्हणाली.

माझ्यात प्राण असता तर तो त्या वाक्यानं गेला असता.

"इथं बोलायचं नसतं, आजी."

"आम्ही राहायचो इथं. मी लेक या घरची."

मांडणीबाईनं नुसती मान डोलावली. रोज कुणीतरी तिला सांगतंच, हे अगदी आमचंच घर. आधी तिला तेच वाटलं असावं. पण म्हातारीचा चेहरा बघून ती जवळ आली. "एक सांगू का? इथलं सगळं मी मांडते. चहा, चादर, सगळं. हा जोडा तेवढा मांडलेला नाही. जाताना त्यांच्या मांडीवर होता म्हणे. तसाच ठेवलाय."

"जाताना?" भिंगरी म्हणाली. "आई तर त्यांच्या किती आधी गेली." तिनं डोळ्यांना पदर लावला. "म्हणजे ती गेल्यावरही तिच्यासाठी शिवत बसले. हे बघा ना, अंगठ्यापाशी हाड वाढलं होतं तिचं. किती जीव होता बायकोवर. आणि माझ्यासाठी मात्र..."

अगं, तुझ्यासाठी! तुझ्यासाठीच! मी आतल्या आत ओरडत होतो. चामड्याखाली, खिळ्यांखाली, वर्षानुवर्षांच्या तुकड्यांखाली मी तुझाच पाय आहे, पोरी. तिनं डोळे पुसले. आता ती वळेल, उंबरा ओलांडेल आणि आयुष्यभर हेच समजेल की बापानं आपल्यासाठी काही केलं नाही. आणि मी, तिचा पाय, तिच्या आईचा म्हणून इथं बसून राहीन.

"बघा तरी, किती निगुतीनं बसवलंय," मांडणीबाई म्हणाली. तिचं मन दुसरीकडे वळवावं म्हणून असेल किंवा दुसरं काही सुचलं नाही म्हणून असेल, तिनं नियम बाजूला ठेवून मला उचललं आणि खिळ्यांची ओळ दाखवायला फिरवलं.

करंगळीची बाजू उजेडात आली. चामड्यावर तो उंचवटा स्पष्ट उठलेला होता.

भिंगरी पुढे वाकली. "आईची करंगळी सरळ होती," ती म्हणाली.

तिनं विचारलं नाही, मांडणीबाईनं अडवलं नाही. तिचा अंगठा माझ्या बाहेरच्या कडेवरून फिरला, थांबला, परत फिरला. डोळे तिनं मिटले होते. मग ती घाईघाईनं खाली बसली, मोजा ओढून काढला आणि डावा पाय स्टुलावर ठेवला. शेजारणीच्या मांडीवर चढलेली करंगळी. तीच.

पण बाकीचा पाय! काय सांगू तुम्हाला. रुंद, बसक्या कमानीचा, बोटं पंख्यासारखी पसरलेली, टाच फळीसारखी सपाट. हा पाय मी जन्मल्यापासून बघत आलो होतो. रोज बाकाखाली असायचा. हा उस्तादांचा पाय होता. अंगठ्याच्या बुडाशी, जिथं त्यांनी एवढ्या मायेनं हाड बसवलं होतं, तिथं काहीच नव्हतं, गुळगुळीत. सगळ्या गावाचे पाय मापणाऱ्या माणसानं स्वतःच्या पायांकडे कधी बघितलंच नव्हतं. पोरगी म्हातारपणी आपल्यावर जाईल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

भिंगरी एकदा माझ्याकडे बघे, एकदा स्वतःच्या पायाकडे. आणि एकदम हसू लागली. हसता हसता गालांवरून पाणी वाहू लागलं.

"बाबा, अहो, हे काय करून ठेवलंत? आईचं दुखणं माझ्या पायाला कशाला? हा माझ्या पायात जाणार तरी आहे का?"

जुळतो का नाही, हे मला इतकी वर्षं जाणून घ्यायचं होतं. कळलं. नाही जुळत. वाईट वाटलं का? वाटलं. पण ती हसत होती ते ऐकून बरंही वाटलं.

मांडणीबाईचेही डोळे भरले होते. "आजी, मी संग्रहालयाच्या साहेबांशी बोलते. हे लाकूड बाहेर काढून, तुमच्या मापानं चामडं सैल करून, पूर्ण करून देईल कुणीतरी. तुमचाच आहे तो."

काढा, मी मनात म्हणालो. काढा मला. मी अडवून बसलोय ती जागा हिची आहे.

भिंगरीनं मान हलवली. "दुसऱ्या कुणाच्या हातचा नको. आणि पूर्ण झाला की झालंच की मग." तिनं मोजा परत चढवला आणि उठून दारालगतच्या फळीवर जाऊन बसली, गिऱ्हाइकं बसायची तिथं. "राहू दे तसाच. बाबा आले की सांगते त्यांना मी. इथं सोडा म्हणावं, इथं आवळा."

मांडणीबाईनं तिच्याकडे बघितलं. मग मला तिनं बाकावर परत ठेवलं ते करंगळी पुढे करून.

तेव्हापासून भिंगरी येते. जमेल तसं, दुपारी. सुरुवातीला तिकीट काढायची, आता तिला कुणी मागत नाही. फळीवर हात मांडीवर ठेवून बसते, खिडकीतून रस्ता बघते, कधी डुलकी काढते. पाहुण्यांना ती मांडणीचाच भाग वाटते. परवा एका चिमुरडीनं आईला हळूच विचारलं, "ही खरी आहे?" भिंगरीनं तिला डोळा मारला, तशी पोर आईच्या मागे लपली.

मला अजूनही बाहेर यायचंय, खोटं कशाला बोलू? मी तिची जागा अडवून बसलोय, आणि ती माझ्यासमोर बसलीय, आणि आम्ही दोघं एकाच माणसाची वाट बघतोय. तो येणार नाही हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असावं. पण पायाला चालायची सवय आणि बापाला हट्टाची, तशी वाट बघायचीही एकदा सवय लागली की लागली.

तुम्ही कधी आलात या घरात, तर जोडे बाहेर काढा, मोजा फाटका असला तरी लाजू नका. बाकापाशी जरा वाका आणि माझी करंगळी बघा. आणि दाराजवळ फळीवर एक म्हातारी बसलेली दिसली, तर तिला उठा म्हणू नका. तिचं माप द्यायचं राहिलंय.